पितळ उघडे पडते तेव्हा : काडतुसाच्या फुटलेल्या पुंगळीचा इतिहास

१/
'काडतूस' म्हटले की मराठी वाचकाला १८५७ आठवते. एनफिल्ड रायफलीचे चरबी लावलेले कागदी काडतूस, दमदमच्या छावणीतील कुजबुज, २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे आणि १० मे रोजी मेरठला पडलेली ठिणगी. हा इतिहास शालेय पुस्तकांत येतो. मात्र त्यानंतर दहाच वर्षांत कागदाची जागा धातूने घेतली आणि काडतुसाचा दुसरा, फारसा न सांगितला गेलेला इतिहास सुरू झाला. त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : बार झाल्यावर पुंगळी अखंड राहते की फाटते?

२/
प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु याच प्रश्नाने अमेरिकेच्या गवताळ टेकड्यांवर आणि सुदानच्या वाळवंटात माणसे मेली, हिंदुस्थानातील पावसाळ्याने लंडनजवळच्या धातुशास्त्रज्ञांना कामाला लावले आणि पुढे घरच्या टेबलावर पिस्तुलाची काडतुसे स्वतः भरणाऱ्या हौशी नेमबाजांच्या हातांना व चेहऱ्यांना जखमा केल्या. हा धागा त्या पितळी पुंगळीचा आहे.

३/
आधी रचना. आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात : गोळी, दारू, दारू पेटवणारा प्राइमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पुंगळी. पुंगळी म्हणजे नुसती डबी, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तिचे मोठे काम बार उडाल्यावर सुरू होते. दारू पेटताच आतील वायू पुंगळीच्या भिंतींना चेंबरच्या पोलादावर दाबून बसवतात. त्यामुळे वायूला मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, वाट उरत नाही. दाब ओसरला की पुंगळी किंचित आक्रसते आणि तेवढ्यामुळेच ती बाहेर ओढून काढता येते.

४/
म्हणजे पुंगळीने क्षणार्धात फुगायचे, गळती रोखायची आणि पुन्हा आक्रसायचे. धातू फार मऊ असेल तर तो फुगतो, पण मागे येत नाही. पुंगळी चेंबरला चिकटून बसते. फार कडक असेल तर तो ताणला जाण्याऐवजी तडकतो. दाब किती असतो? .४० स्मिथ अँड वेसन या पिस्तुलाच्या काडतुसात कमाल दाब दर चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत जातो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा हजार पट आहे, आणि तो रोखण्यासाठी मध्ये असते पितळेची पातळ भिंत.

५/
पुंगळी तीन प्रकारे दगा देते. पहिला, तोंडाजवळ उभी चीर पडते. यातून होणारे नुकसान सहसा थोडे असते. दुसरा, बुडाच्या वर आडवी फाटून पुंगळीचे दोन तुकडे होतात. बूड बाहेर येते आणि उरलेली नळी चेंबरमध्ये अडकते. तिसरा प्रकार सर्वांत घातक. पुंगळीच्या बुडाजवळचा काही भाग अनेक शस्त्रांत चेंबरच्या पोलादाबाहेर, आधाराविना राहतो. तिथे पितळ फुटले तर तप्त वायू थेट बंदुकीच्या यंत्रणेत आणि नेमबाजाच्या दिशेने सुटतो. पुढील सर्व घटना या तिहेरी वर्गीकरणात बसतात.

६/
१८६६ मध्ये ब्रिटिशांनी तोंडाकडून भरण्याच्या जुन्या एनफिल्ड रायफलींना मागून भरण्याची स्नायडर यंत्रणा जोडली. त्यासाठी वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी नवे काडतूस रचले. पितळेचा अगदी पातळ पत्रा गुंडाळून नळी करायची आणि तिला लोखंडी बूड जोडायचे. बार झाला की गुंडाळी किंचित उलगडे व चेंबर बंद होई. ही रचना स्वस्त होती, हलकी होती आणि स्नायडरच्या रुंद, सरळ चेंबरमध्ये ती पुष्कळ चांगली चालली.

७/
अडचण पुढच्या पिढीत उद्भवली. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीसाठी हीच गुंडाळलेली पुंगळी बाटलीच्या आकाराची, तोंडाकडे निमुळती करण्यात आली. आत ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि पुढे सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. काळ्या दारूची काजळी चेंबरमध्ये साचे, नळी तापे आणि पातळ पत्रा पोलादाला चिकटे. रायफलीचा खालचा दांडा आखूड होता, त्यामुळे अडकलेली पुंगळी ओढण्यास पुरेसा जोर मिळत नसे. जोर लावलाच तर लोखंडी बूड उखडून हाती येई आणि पत्रा आतच राही.

८/
त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे वेगळी चूक घडत होती. अमेरिकी लष्कराच्या १८७३ च्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनसाठी फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात बनणारी पुंगळी तांब्याची होती. तांबे घडवण्यास सोपे, पण मऊ. फुगल्यावर पुरेसे आक्रसत नाही. शिवाय घोडेस्वार काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात खोवत. चामड्यातील आम्लांमुळे तांब्यावर हिरवा जंग चढे आणि तापलेल्या चेंबरमध्ये तो जणू डिंकाचे काम करी. पुंगळी ओढणारा आकडा मग तिची कड फाडून मोकळा होई. पुंगळी आतच, आणि कार्बाइन म्हणजे नुसता दंडुका.

९/
२५ जून १८७६. लिटल बिगहॉर्न नदीकाठी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर आणि त्याच्या सोबतचे दोनशेहून अधिक सैनिक लाकोटा व शायेन योद्ध्यांकडून मारले गेले. अमेरिकेला हा धक्का पचवणे जड गेले. लगेच कारणांचा शोध सुरू झाला. लढाईतून वाचलेल्या मेजर मार्कस रेनो याने ११ जुलै रोजी शस्त्रास्त्र विभागाच्या प्रमुखांना पत्र लिहून पुंगळ्या अडकल्याची तक्रार केली. त्याच्या तुकडीतील ३८० कार्बाइनांपैकी सहा निकामी झाल्याचे त्याने नोंदवले. पुढे लोकमानसात या सहांचे शेकडो झाले आणि 'काडतुसांनी कस्टरचा घात केला' ही कथा रूढ झाली.

१०/
ही कथा शंभर वर्षे टिकली. ऑगस्ट १९८३ मध्ये रणभूमीवरील गवत आगीत जळाले आणि जमीन उघडी पडली. १९८४ व १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांच्या नेतृत्वाखाली तिथे शिस्तबद्ध उत्खनन झाले. सापडलेली प्रत्येक पुंगळी नकाशावर नोंदवली गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. चाकूने खरवडून पुंगळी काढल्याच्या खुणा दिसल्या, हे खरे. पण पाच टक्क्यांपेक्षाही कमी पुंगळ्यांवर. दोष अस्तित्वात होता, मात्र पराभवाचे ओझे उचलण्याइतका तो मोठा नव्हता.

११/
याच पुंगळ्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे हेन्री व विंचेस्टर यांसारख्या झटपट फैरी झाडणाऱ्या रायफली मोठ्या संख्येने होत्या. विरुद्ध पक्षाचे संख्याबळ, त्यांची शस्त्रे आणि त्यांचे रणकौशल्य मान्य करण्यापेक्षा तांब्याच्या नळीला दोष देणे पराभूतांना सोपे वाटले. यंत्राच्या बिघाडाची कथा पुष्कळदा माणसाच्या चुकीवर पांघरूण घालते. सैन्याने मात्र बोध घेतला. पुढील दशकात तांबे मागे पडले आणि पितळ आले.

१२/
आता सुदान. खार्टूममध्ये वेढ्यात सापडलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेली सुमारे १,४०० जणांची उंटस्वार तुकडी १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्लिया येथे महदीच्या अनुयायांसमोर उभी ठाकली. ब्रिटिशांनी चौकोनी व्यूह रचला होता. नौदलाचे कॅप्टन लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी पाच नळ्यांची गार्डनर तोफ व्यूहाबाहेर नेऊन मारा सुरू केला. सुमारे ७० फैरी झाल्या आणि तोफ अडकली. बेरेसफर्ड यांनी नंतर कारण लिहून ठेवले : ओढणाऱ्या आकड्याने पुंगळीचे बूड तोडून आणले होते आणि उरलेली नळी तोफेतच राहिली होती.

१३/
ते आणि त्यांचे खलाशी तोफ मोकळी करण्याची धडपड करत असतानाच हल्लेखोर येऊन भिडले. बेरेसफर्ड वाचले, त्यांच्या सोबतचे बहुतेक खलाशी जागीच मारले गेले. व्यूह फुटला. आत हातघाईची लढाई झाली आणि त्या धामधुमीत अनेक सैनिकांच्या मार्टिनी-हेन्री रायफली वाळू, उष्णता व चिकटलेला पत्रा यांमुळे बंद पडल्या. जेमतेम पंधरा मिनिटांत ७४ ब्रिटिश ठार झाले, त्यांत कर्नल फ्रेड बर्नाबी होते. महदीच्या बाजूचे सुमारे १,१०० मृतदेह मैदानात पडले. तुकडी पुढे निघाली, परंतु २६ जानेवारीला खार्टूम पडले आणि गॉर्डन मारला गेला.

१४/
ब्रिटनमध्ये गदारोळ उठला. वाकलेल्या संगिनी आणि अडकलेल्या रायफली हा जाहीर चर्चेचा विषय झाला. गुंडाळलेल्या पत्र्याऐवजी एकसंध पितळेतून ओढून घडवलेली पुंगळी आणि अधिक जोर देणारा लांब दांडा, हे बदल रुजले. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक विसंगती टिपावी. ज्या ७४ जणांसाठी पितळाची चौकशी झाली, त्यांतील अनेकांची नावे स्मारकांवर आहेत. समोरच्या १,१०० जणांची उरली ती केवळ अंदाजे संख्या. फुटलेल्या पुंगळीचा हिशेब साम्राज्याने ठेवला; न फुटलेल्या पुंगळ्यांनी काय केले, याचा हिशेब तसा ठेवला गेला नाही.

१५/
एकसंध पुंगळी घडवण्याची रीत पुण्याच्या तांबट आळीत उभे राहिलेल्या कोणालाही सहज उमगेल. पत्र्याची चकती कापायची, दाबून तिची वाटी करायची, मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळी करायची. ठोकलेला किंवा ओढलेला धातू कडक होत जातो. तांबट म्हणूनच घडा अर्ध्यावर आला की भट्टीत घालून तो पुन्हा नरम करून घेतो. पुंगळीचेही तेच. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असे पितळ या कामाला इतके अनुरूप ठरले की त्या मिश्रणाचे नावच 'काडतुसी पितळ' पडले.

१६/
महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध इथे येतो. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि कोलकात्याजवळच्या दमदमसह तो हिंदुस्थानातील सैन्याच्या काडतुसांचे प्रमुख उगमस्थान बनला. जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर कोरलेली 'के एफ' ही अक्षरे खडकीची खूण आहे. संग्राहकांना ती जगभर आढळते. एकसंध पितळ आले, पत्र्याचा दोष गेला. आता पुंगळी निर्दोष झाली, असे वाटण्याजोगी स्थिती होती. ते पितळ उघडे पाडले पावसाळ्याने.

१७/
हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याच्या गुदामांत विचित्र प्रकार दिसू लागला. कधीही न झाडलेली, पेटीत निवांत पडून असलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. चीर बहुधा तोंडाजवळ, जिथे पितळ गोळीभोवती आवळलेले असते, तिथे पडे. कोणी हात लावलेला नसे, ठोकर बसलेली नसे. इंग्रजीत या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. 'सीझन' म्हणजे पावसाळ्याचा हंगाम, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. वाळताना लाकडाला पडणाऱ्या भेगांशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले, असे दुसरे.

१८/
तडकलेल्या तोंडाचे काडतूस म्हणजे संकटाला निमंत्रण. गोळी सैल होते, दारूत दमट हवा शिरते आणि बार केला तर वायू चिरेतून निसटतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की दोष आधी ओळखू येत नसे. कारखान्यातून निघताना पुंगळी प्रत्येक मापात बरोबर असे. तपासनीस ती मंजूर करी. काही महिन्यांनी, शेकडो मैल दूर, तीच पुंगळी निकामी निघे. दोष कारखान्याचा, वाहतुकीचा की गुदामाचा, हे ठरवणे अवघड होते.

१९/
कोडे सुटले १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा ब्रिटिश संशोधकांनी पितळाच्या या तडकण्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मते दोषी दोन होते आणि एकट्याने कोणीच पुरेसा नव्हता. पहिला, घडवताना पितळात कोंडून राहिलेला ताण. दुसरा, हवेतील अमोनिया. सैन्याच्या तळावर अमोनियाला तोटा नव्हता. घोड्यांच्या पागा, त्यांतील मूत्र व लीद आणि कुजणारा सेंद्रिय कचरा यांतून तो सतत हवेत मिसळे. पावसाळ्यातील ओलावा त्याला पितळावर बसण्यास मदत करी.

२०/
अमोनिया आणि ओलावा पितळातील तांब्यावर हल्ला करतात, पण सर्वत्र सारखा नाही. पितळ सूक्ष्म कणांचे बनलेले असते. हल्ला त्या कणांच्या सीमांवर होतो. आत कोंडलेला ताण या कमकुवत झालेल्या सीमा ओढून उघडतो, उघडलेल्या फटीत अमोनिया आणखी खोल शिरतो आणि चीर पुढे सरकते. ताण नसता तर पितळ केवळ काळपट पडले असते. अमोनिया नसता तर ताण आयुष्यभर निद्रिस्त राहिला असता. धातुशास्त्रात आज 'ताण-क्षरण भंग' म्हणून शिकवल्या जाणाऱ्या संकल्पनेचे हे एक अभिजात उदाहरण आहे.

२१/
उपाय पुन्हा तांबटाच्या भट्टीतलाच होता. अमोनिया हटवणे अशक्य. जिथे सैन्य तिथे घोडे. मात्र ताण हटवणे शक्य होते. पुंगळी तयार झाल्यावर तिला मंद आचेवर तापवायचे. आच एवढीच की कोंडलेला ताण निघून जावा, पण बुडाचा आवश्यक कडकपणा जाऊ नये. लष्करी काडतुसांच्या तोंडाजवळ आजही निळसर-तपकिरी छटा दिसते. तो डाग नसून तापवल्याची खूण आहे. तपासणीसाठी पुंगळी पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवण्याची कसोटीही रूढ झाली. आत ताण उरला असेल तर पितळ डोळ्यांसमोर तडके.

२२/
पाऱ्याचा हाच गुण दुसऱ्या बाजूने घातक ठरला. एकोणिसाव्या शतकातील प्राइमरमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट असे. काळ्या दारूच्या काळात पारा तिच्या भरपूर काजळीत मिसळून जाई. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली. तिची काजळी नगण्य. मग पारा थेट पितळात मुरू लागला आणि पुंगळी ठिसूळ होऊ लागली. एकदाच वापरून फेकायची असेल तर यात मोठी हानी नव्हती. परंतु तीच पुंगळी पुन्हा भरून झाडली, तर ती फुटण्याची शक्यता वाढे. वरून दोष दिसत नसे.

२३/
पुंगळी पुन्हा भरायची कशाला? कारण काडतुसातील महाग भाग तीच असतो. १८८० च्या दशकात अमेरिकी लष्कर आपल्या तुकड्यांना सरावाची काडतुसे स्वतः भरण्याची साधने पुरवत असे. इथे इतिहासाने गंमत केली. ब्रिटिश बॉक्सरच्या प्राइमर रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. सळईने जुना प्राइमर सहज ढकलून काढता येतो. अमेरिकी हायरम बर्डनच्या रचनेत दोन छिद्रे व मध्ये टोक असते. अमेरिकेने ब्रिटिश रचना उचलली, युरोपाने अमेरिकी. परिणामी घरी काडतुसे भरण्याचा छंद फोफावला तो अमेरिकेत.

२४/
या छंदाचा सर्वांत गाजलेला पुरुष म्हणजे आयडाहोचा पशुपालक व लेखक एल्मर कीथ. १९२० च्या दशकात त्याने .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळी व बारीक केलेल्या काळ्या दारूचा भरपूर भार घालून पाहिला. रिव्हॉल्व्हर फुटले, फिरत्या चक्राच्या भिंतींचे तुकडे उडाले. या अनुभवावर त्याने १९२५ मध्ये लेख लिहिला आणि जाड भिंतींच्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरकडे वळला. त्या काळातील पुष्कळ पुंगळ्यांचे बूड आतून पोकळ असे. प्राइमरची वाटी आत उंचवट्यासारखी दिसे आणि भोवतीचे पितळ पातळ राही. भरीव बुडाची पुंगळी पुढे हळूहळू सर्वत्र आली.

२५/
कारखानदारांनी यातून एक शहाणपणाचा धडा घेतला. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे जोरकस काडतूस बाजारात आले, तेव्हा त्याची पुंगळी जुन्या .३८ स्पेशलपेक्षा मुद्दाम सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवली गेली. हेतू हा की नवे काडतूस जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. १९५५-५६ मध्ये आलेल्या .४४ मॅग्नमबाबतही हीच युक्ती वापरली गेली. माणूस चुकणार, हे गृहीत धरून चूक घडण्याची वाटच बंद करणे, हे अभियांत्रिकीतील मोठे तत्त्व. ते या ३ मिलिमीटरमध्ये सामावले आहे.

२६/
स्वयंचलित पिस्तुलांत नवीच अडचण होती. दांडीतून वर येणारे काडतूस चेंबरमध्ये सरकावे म्हणून नळीच्या तोंडाशी खालच्या बाजूने उतार कापावा लागतो. तेवढ्या जागी पुंगळीला पोलादाचा आधार नसतो. .४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पौंडांच्या आसपास असल्याने तिथे हे खपून जाते. १९८० च्या दशकात नेमबाजी स्पर्धांतील गुणपद्धतीमुळे .३८ सुपर काडतुसे मर्यादेपलीकडे भरण्याची चढाओढ लागली. आधार नसलेल्या जागी पुंगळ्या फुटू लागल्या, चेहऱ्यांवर पितळाचे कण व तप्त वायू येऊ लागले. नेमबाजांनी या जखमेला 'सुपर फेस' असे नावच देऊन टाकले. उत्तर होते पुंगळीला अधिक आधार देणारी नळी.

२७/
घरी भरलेल्या काडतुसांत पुंगळी फुटण्याची कारणे आज चांगली ज्ञात आहेत. धूरविरहित दारू इतकी थोडी लागते की पिस्तुलाच्या अनेक पुंगळ्यांत चुकून दुप्पट दारू पडली तरी ती मावते आणि वरून कळत नाही. गोळी सैल बसून आत ढकलली गेली तर दारूला जागा कमी पडते व दाब झपाट्याने वाढतो. एखादी पुंगळी आधीच्या बारात बुडाजवळ फुगलेली असते. साच्यात घालून तिचे माप पूर्ववत होते, पण थकलेले पितळ पूर्ववत होत नाही. १९२६ पासून अमेरिकेत उत्पादकांची संस्था दाबाची प्रमाणे ठरवते. ती प्रमाणे मुख्यतः कारखान्यांसाठी. घरच्या टेबलावर काय घडते ते त्यांना दिसत नाही.

२८/
भारतात हा छंद रुजला नाही. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याने प्रजेच्या हाती शस्त्र जाण्यावरच निर्बंध घातले आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्याविना काडतुसे बनवण्यास मनाई केली. तरीही या इतिहासात भारत प्रेक्षक नव्हता. कागदी काडतुसाने इथे राज्य हादरवले आणि पितळी काडतुसाच्या दोषाचे मूळ शोधायला इथल्या पावसाळ्याने भाग पाडले. आज नळाच्या जोडापासून विमानाच्या भागांपर्यंत जिथे जिथे 'ताणाखालील धातू आणि त्याभोवतीची हवा' असा विचार होतो, तिथे हिंदुस्थानातील त्या ओल्या गुदामांचा वारसा आहे.

२९/
या सर्व घटना एकत्र ठेवल्या की एक गोष्ट ठळक होते. पुंगळी फुटते ती एका क्षणात. पण कारण पुष्कळ आधी घडलेले असते. ते स्वस्त पत्र्याच्या निवडीत असते, चामड्याच्या पट्ट्यात असते, पागेशेजारच्या गुदामात असते, कोणा स्पर्धकाच्या 'थोडी आणखी' या मोहात असते. निर्णय घेणारा एक असतो आणि चाप ओढणारा बहुधा दुसराच. अबू क्लियाच्या खलाशांनी पुंगळीची निवड केली नव्हती. आयडाहोच्या कीथने आपला भार स्वतःच ठरवला होता, आणि तो वाचला म्हणून लिहू शकला.

३०/
इतिहास वाचणाऱ्यासाठी लिटल बिगहॉर्नची ती सहा कार्बाइने विशेष मोलाची आहेत. दोष खरा होता, तक्रारही खरी होती, तरीही तिच्यावर रचलेली दंतकथा खोटी ठरली, आणि ती खोटी ठरवली जमिनीत शंभर वर्षे पडून असलेल्या त्याच पुंगळ्यांनी. माणसे आपल्या सोयीची साक्ष देतात. पितळावर उमटलेला ओरखडा सोय पाहत नाही. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात, काचेआड, गंजलेल्या पुंगळ्यांची ओळ दिसली तर तिच्यासमोरून घाईने पुढे जाऊ नये. बूड पाहावे, अक्षरे पाहावीत, चीर कुठे आहे ते पाहावे.

(धागा समाप्त)